बैलगाडी तिसऱ्या कडव्यात अडली

मित्रांनो, आज दुपारी माझ्याच हातून घात झाला. मन हलकं करायला घरच्या कॉम्प्युटरवरून इथे लिहितोय.

सूनबाई सातपूरला कंपनीत आहे. सकाळी निघताना बजावून गेली, "बाबा, आज काही झालं तरी ईराला मोबाईल नाही हं!" ईरा म्हणजे माझी पाच वर्षांची नात. मी ऐटीत म्हणालो, "मोबाईल कशाला? मी कविता म्हणून दाखवतो तिला."

जेवायला बसल्यावर ईराने मोबाईलसाठी भोकाड पसरलं. मी मांडीवर ठेका धरला आणि तिसरीत गुरुजींनी पाठ करून घेतलेली बैलगाडीची कविता चालीवर सुरू केली. काय सांगू, पोर गप्प झाली! वरणभाताचे घास पोटात जाऊ लागले. दुसऱ्या कडव्याला तर तिचा इवलासा हातही माझ्या मांडीवर ठेका देऊ लागला.

तिसऱ्या कडव्याला मी अडलो. इतकी वर्षं तोंडपाठ असलेली ओळ आठवेचना.

"आजोबा, मग गाडी कुठे गेली?"

"थांब हं, बघतो," म्हणत मी ओळ शोधायला खिशातून मोबाईल काढला.

तिने तो ओढूनच घेतला. परत मागितला तर घर डोक्यावर घेतलं. मी हरलो.

ती ओळ आत्ता, मेथी निवडताना आठवली. मी धावत जाऊन सांगितलं, "ईरा, गाडी नदीपाशी थांबली गं!"

तिने मानही वर केली नाही. "कुठली गाडी?"

सूनबाई येईलच आता. मोबाईलच्या जागी मुलांना द्यायचं म्हणतो, ते आपल्यापाशी तरी पुरतं उरलंय का हो?