वाकडी गिटार आणि वडिलांचं बोट

खोकं उघडल्यावर वडिलांनी आतलं लाकूड उचललं, डोळ्यांसमोर आडवं धरलं, एक डोळा मिटून कडेनं पाहिलं आणि म्हणाले, "वाकडं निघालंय. आत्ताच्या आत्ता परत पाठव."

ते लाकूड वाकडंच असतं हे त्यांना समजावण्यात माझे तीन दिवस गेले, आणि तरी पटलं नाही ते नाहीच. मी इलेक्ट्रिक गिटारचा सुटा संच मागवला होता. सगळे भाग वेगवेगळे येतात. आपण घासायचे, रंगवायचे, जोडायचे. त्यातही मी निवडलेल्या प्रकारात गिटारची कंबर समोरासमोर नसते. एका बाजूची जरा वर, दुसरीची खाली सरकलेली. बसून वाजवताना मांडीवर नीट राहावी म्हणून तसं करतात.

"मग माणसानं नीट बसावं की," वडील म्हणाले. "त्यासाठी लाकूड कशाला वाकडं करायचं?"

मी शिक्रापूरजवळच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. टेबलावर दिवसभर यंत्रांचे सुटे भाग येतात, मी ते मोजतो आणि मापात बसत नाहीत ते लाल ट्रेमध्ये टाकतो. बारा वर्षं हेच. एकदा जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाता मनात आलं की दुसऱ्यांनी केलेल्या हजारो वस्तू आपण नापास केल्या, स्वतः मात्र एक बनवलेली नाही. त्याच आठवड्यात मी हा संच मागवला. गिटार येते का म्हणाल, तर कॉलेजात असताना शिरूरला मित्राच्या खोलीवर तीन कॉर्ड शिकलो होतो. त्यातली एक विसरलो होतो.

पुढच्या आठवड्यात माझी पहिली पाळी होती. दुपारी वडगाव रासाईला घरी पोचलो, तर वडील अंगणात पाटावर बसलेले, गुडघ्यांत गिटार दाबलेली आणि हातात रंधा. लाकडाच्या बरोबर मधून त्यांनी पेन्सिलीनं एक रेघ मारली होती आणि वर आलेला खांदा खालच्या खांद्याच्या मापाला आणायला घेतला होता. आजूबाजूला लाकडाच्या साली पडल्या होत्या.

"निम्मं झालंय," ते म्हणाले. "राहिलेलं चहा घेऊन करतो."

मी वडिलांवर आयुष्यात कधी ओरडलो नव्हतो. त्या दिवशी असा ओरडलो की शेजारच्यांची म्हैस उठून उभी राहिली. वडिलांनी रंधा खाली ठेवला, साली गोळा केल्या आणि शेताकडं निघून गेले. दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. माझी बायको दोघांना वेगवेगळं वाढायची आणि पदरात तोंड लपवून हसायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी वडील माझ्या मोटारसायकलजवळ येऊन उभे राहिले. अंगात स्वच्छ सदरा, डोक्यावर टोपी.

"वायरी जोडायला दौंडला मामाकडं जायचं म्हणत हुतास न्हवं? मागं धरायला माणूस लागंल."

ही त्यांची माफी होती. अबोल्याच्या दोन दिवसांत मी बाकीचे भाग जोडून तारा चढवल्या होत्या. गिटार आम्ही खताच्या रिकाम्या पोत्यात घातली. वडील ती उभी धरून मागं बसले आणि आम्ही निघालो. केडगावला चहाला थांबलो तर त्यांच्या ओळखीचे एक शेतकरी भेटले.

"आप्पा, पोत्यात काय न्हेताय?"

"गिटार हाय."

"नवीन निघालंय व्हय? कुठल्या किडीवर चालतं?"

वडिलांनी थोडा विचार केला. "अजून तरी कशावरच चालत न्हाई," ते म्हणाले.

मामा म्हणजे माझ्या आईचा भाऊ. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेला. त्याच्या घरातली प्रत्येक वायर सरळ रेषेत जाते आणि प्रत्येकीला चिठ्ठी चिकटवलेली आहे. गिटारच्या पोटातल्या वायरींचा गुंता बघून त्याचा चेहरा पडला. नकाशा मागितला. मी मोबाइलवर दाखवला, तो त्यानं कागदावर पुन्हा काढला, आणि मग चष्मा कपाळावर चढवून म्हणाला, "यात एक मूलभूत चूक आहे. बिघाड झाला तर काय?"

"काय व्हायचंय? आवाज बंद पडेल."

"पडेलच असं नाही. आमच्याकडे काहीही बिघडलं की सिग्नल लाल झालाच पाहिजे. गाडी थांबली तर चालते, भलतीकडे गेलेली चालत नाही."

दुपारपर्यंत मामानं डाग देऊन वायरी जोडल्या आणि स्वतःच्या डोक्यानं एक बटण जास्तीचं बसवलं. ते दाबून धरलं तरच गिटार बोलणार. बोट निघालं की गप्प. मी त्याला म्हणालो, "मामा, एका हातानं तार दाबायची, दुसऱ्यानं छेडायची. बटण कशानं दाबू?"

मामानं माझ्या दोन्ही हातांकडं बराच वेळ पाहिलं. मग नाइलाजानं बटण काढलं.

मामाच्या भजनी मंडळाचा अ‍ॅम्प्लिफायर घरातच होता. गिटार त्याला जोडली आणि मी तार छेडायच्या आधीच खोलीभर मोठा आवाज सुरू झाला, विहिरीवरची मोटर चालू झाल्यासारखा. घूं. मी आवाज कमी केला, जास्त केला, वायर बदलली. घूं काही जाईना. मामानं टेस्टर लावून सगळीकडं तपासलं. करंट कुठंही उतरत नव्हता.

"तापलंय का काय ते?" म्हणत वडिलांनी पुढं होऊन, वायर खुपसायच्या भोकाभोवतीच्या पत्र्यावर बोट ठेवलं. आवाज थांबला.

त्यांनी दचकून बोट काढलं. घूं. परत ठेवलं. शांत.

मामा खुर्चीतून उठला. "दाजी," तो म्हणाला, "तुम्ही अर्थिंग आहात."

मग आम्ही आळीपाळीनं बोट ठेवून पाहिलं. माझं, मामाचं, मामीचं, सगळ्यांचं चालत होतं. पण मामानं आधीच निकाल दिला होता आणि वडिलांनी तो मानला होता. "माझ्या बोटानं जास्त साफ होतंय," ते म्हणाले. तसं काही होत नव्हतं.

तारा जिथं टेकतात त्या पट्टीखालून एक वायर घ्यायची राहिली होती, हे मला त्याच दिवशी कळलं. संचाच्या पिशवीच्या तळाशी ती काळी वायर तशीच पडली होती. ती बसवायची तर पट्टीचे ठोकून बसवलेले खुंट उपटावे लागणार होते. आठ दिवसांवर मामाच्या मुलीची हळद होती आणि मी तिथं वाजवणार असं मामीनं सगळ्यांना सांगून टाकलं होतं. "कार्यक्रमापर्यंत चालू यंत्रणेला हात लावायचा नाही," मामानं बजावलं.

हळदीला मांडवात बँजो पार्टी होती. तिच्या शेजारी दोन खुर्च्या टाकल्या. एकीवर मी, आठवणाऱ्या दोन कॉर्डसह. दुसरीवर नवा पोशाख केलेले वडील, गिटारच्या पत्र्यावर उजव्या हाताचं बोट ठेवून, नजर समोर. पाहुणे येऊन त्यांना विचारायचे, "तुम्ही काय वाजवताय?"

"मी आवाज धरून बसलोय," वडील सांगायचे.

सगळं बरं चाललं होतं. तेवढ्यात वराकडचे आजोबा समोर आले आणि वडिलांनी उठून दोन्ही हात जोडले. घूं करून अख्खा मांडव भरला. मी घाबरून वाजवायचा थांबलो, पण ढोलकीवाल्याला वाटलं हा कुठलातरी नवा सूर आहे. त्यानं त्यावर ठेका धरला. बायका नाचायला लागल्या. वडील पुन्हा बसले, बोट ठेवलं, आवाज गेला, तशा बायका ओरडल्या, "ओ काका, परत लावा की ते!"

वडिलांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी बोट उचललं. ठेवलं. उचललं. पुढची वीस मिनिटं माझी तशी गरज नव्हती.

शेवटी मामानं मांडवात कलाकारांचा सत्कार केला. बँजो पार्टीला नारळ, वडिलांना टोपी, उपरणं आणि नारळ. माझं नाव यादीत नव्हतं. बँजोच्या मालकानं वडिलांचा फोन नंबर घेतला.

नंतरच्या रविवारी वडील बाजारला तळेगाव ढमढेऱ्याला गेले असताना मी खुंट उपटले आणि ती काळी वायर बसवली. घूं पूर्ण गेला. पण मी हे त्यांना सांगितलं नाही. संध्याकाळी वाजवायला बसलो की ते आपली खुर्ची ओढून येतात, बोट ठेवतात, आणि मगच मी अ‍ॅम्प्लिफायर चालू करतो. विसरलेली कॉर्ड मला आठवली, आता चौथीही येते.

मागच्या महिन्यात मात्र त्यांना मध्येच शिंक आली. दोन्ही हात नाकाकडं गेले. घूं आला नाही. त्यांनी बोटाकडं पाहिलं, पत्र्याकडं पाहिलं, बोट लावून आणि काढून दोनदा खात्री केली.

वडील गिटारच्या त्या रंधा मारलेल्या खांद्यावर थाप मारून उठले.

"लागली तिला सवय," ते म्हणाले. "आता सोडली तरी चालंल." आणि कांद्याचं पाणी बघायला निघून गेले.