कीपॅड कुठं बसवायचं

दुष्काळाची ती सलग वर्षं होती. कन्नडच्या बाजूला, माझ्या माहेरी, मेंढरांना पाणी नव्हतं आणि इथं शहरात माणसांना. तरी शहराच्या कडेला, हर्सूलकडं, रोज नवी घरं उठत होती. आमच्या नळाला आठवड्यानं पाणी यायचं, तेही उजाडायच्या आत, आणि जरा वेळानं जायचं. गल्लीत लोक पाण्याच्या टाक्यांना कुलपं लावायचे. माझ्या मुलानं मात्र टीव्ही सांभाळायला चोराचा अलार्म बसवला.

दाराशेजारी भिंतीवर त्याचं कीपॅड होतं. झोपताना मुलगा ते चालू करायचा. सकाळी चार आकडे न दाबता दार उघडलं, तर गच्चीवरचा सायरन बोंबलायचा. मी चौथीपर्यंत शिकलेली. मुलगा मला ते आकडे आठवडाभर शिकवत होता. मला पहिल्याच दिवशी आले होते, पण त्याला हौस होती म्हणून गप्प बसले.

मग घराचं काम काढलं. दाराजवळच्या भिंतीत चपलांचं कपाट करायचं ठरलं. आमच्या सगळ्यांच्या चपला एका पोत्यात मावल्या असत्या. कपाटासाठी कीपॅड हलवणं आलं. मुलगा वायरमनला म्हणाला, "वर घ्या, आमच्या खोलीपाशी. झोपताना बटन दाबलं की झालं."

मी विचारलं, "आन् सकाळी मला बाहीर जायचं असंल तर?"

"मला हाक मार, माय. मी बंद करीन."

"म्हंजी घरातून निघायला मी तुला इचारू?"

"तुझ्याच भल्यासाठी हाय ते. एवढ्या पहाटं तुला कुठं जायचंय?"

ज्याच्या आंघोळीचं पाणी मी भरत होते, तो हे विचारत होता. सून म्हणाली, "जाऊ द्या ना आत्या." वायरमननं चहा संपवला आणि वर गेला.

माझ्या बापाच्या मेंढरांपाशी एक कुत्रं होतं. घरचं कोण आणि परकं कोण, हे त्याला कधी शिकवावं लागलं नाही. या डब्याला मी आणि चोर सारखेच.

पाण्याचा दिवस आला. अंगणातला नळ खरखरला. नळातून हवा सुटल्याचा तो आवाज मला झोपेतही कळतो. मी जिन्याखाली उभी राहून हाक मारली, पुन्हा मारली. वर दार बंद आणि पंखा चालू. गुडघे धरत वर जाऊन खाली येईपर्यंत पाणी गेलं असतं. मी कडी काढली.

सायरन असा बोंबलला की झाडावरचे कावळे उठले. गल्लीतली दारं पटापट उघडली. पण चोरासाठी काठी कुणीच आणली नाही, सगळ्यांच्या हातात हंडे. आठवडाभर पाण्याची वाट बघणाऱ्या माणसाला पहाटे कशानंही जाग आली तरी हात आधी हंड्याकडंच जातो.

समोरच्या बाईनं विचारलं, "मावशी, पाणी आलं व्हय?"

"आलंय. भरा लवकर."

मुलगा क्रिकेटची बॅट घेऊन जिना उतरला. "कोण हाय?"

"मी हाय. बॅट ठिव आन् पाईप धर."

सायरन बंद करायला त्याला पुन्हा वर पळावं लागलं. घाईत चुकीचे आकडे दाबले. मला आठवडाभर शिकवणारा हाच. तो परत आला तेव्हा टाकी भरत आली होती.

"माय, तू मुद्दाम केलंस."

"व्हय. पुढल्या टायमालाबी करणार."

समोरची बाई कुंपणावरून म्हणाली, "करा मावशी. आमाला तर लई गाढ झोप लागली होती. भोंगा हाय म्हणून पाणी घावलं."

कीपॅड पुन्हा खाली घ्यायला वायरमन परत आला. नव्या रंगावर ओरखडे पडले, सुनेनं तोंड वाकडं केलं. कपाटाच्या अलीकडं, चौकटीला लागून, हातभर जागा निघाली. ती आधीही तिथंच होती.

"उंची किती ठेवू?" वायरमननं मुलाला विचारलं. मुलानं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीशी उभी राहिले आणि माझा हात सहज पोचतो ती जागा दाखवली.

मुलगा उंच आहे. आता झोपताना त्याला कंबरेतून वाकून आकडे दाबावे लागतात. वाकू दे.