दोन ओळींच्या मधली गिटार

बाई विसरल्या नव्हत्या. हे मी सुरुवातीलाच लिहून टाकतो, कारण त्या कार्यक्रमानंतर जो भेटतो तो मला तेच विचारतो. नालासोपाऱ्याच्या बाजारात एका गृहस्थांनी तर माझा हात हातात घेऊन विचारलं, "बाईंना आता माणसं तरी ओळखू येतात ना?" आधी मी शांतपणे सगळं समजावून सांगत असे. आता माझा आवाज चढतो. बायको म्हणते, तुम्हाला रक्तदाब आहे. असू दे.

बाई म्हणजे माझ्या सरांच्या पत्नी. सर मला हायस्कूलला इंग्रजी शिकवायचे आणि बाई प्राथमिक शाळेत होत्या. दोघं गासला राहतात, वाडीतल्या घरात. मी जूचंद्रचा. माझे वडील मिठागरावर कामाला होते, त्यांना सही येत होती, आईला तीही नाही. आमच्या घरात पदवी घेतलेला पहिला माणूस मी, आणि ती पदवी माझ्या हातात आली ती सरांमुळे, त्यांच्या रेकॉर्ड्समुळे आणि त्यांच्या गिटारमुळे. हे मी भाषणात बोलतात तसं बोलत नाही. खरंच तसं घडलं.

आठवीत मी इंग्रजीत नापास झालो तेव्हा सर म्हणाले, "रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर घरी ये." मी सायकल मारत गेलो. मला वाटलं होतं व्याकरण घोकून घेतील. त्यांनी रेकॉर्ड लावली. त्यांचे थोरले भाऊ बोटीवर होते, त्यांनी अमेरिकेतली जुनी कंट्री गाणी आणून दिली होती. शेतं, आई, दूर गेलेला माणूस, रिकामं घर, असली संथ गाणी. गाणारा एक ओळ म्हणायचा आणि थांबायचा. मग एक गिटार सरकत सरकत यायची, त्या ओळीला उत्तर द्यायची आणि बाजूला व्हायची. मग पुढची ओळ.

ती हवाईयन गिटार. मांडीवर आडवी ठेवतात आणि डाव्या हातात पोलादाची गुळगुळीत कांडी धरून तारांवरून फिरवतात. पुढे तिला पायाने दाबायचे पेडल आले. सरांना ती पेडलवाली गिटार कधी आवडली नाही. म्हणायचे, "सूर हाताने शोधायचा. सापडला तर आपला, चुकला तरी आपलाच. पायाला कशाला मध्ये घालायचं?" त्यांच्याकडच्या रेकॉर्ड्स सगळ्या पेडलच्या आधीच्या.

मला शिकवण्याची त्यांची रीत अशी होती: ओळ झाली की गिटारचं उत्तर संपायच्या आत मी त्या ओळीचा अर्थ मराठीत सांगायचा. तेवढाच वेळ. सुरुवातीला गिटार संपायची आणि मी तोंड उघडं टाकून बसलेला असायचो. सर सुई उचलून परत मागे ठेवायचे. बाई आतून ओरडायच्या, "अरे, त्या पोराला आधी खायला तर घाला, उपाशीपोटी इंग्रजी उतरत नाही!" वर्ष सरेपर्यंत मला गिटारची वाट बघावी लागेना. अर्थ आधी यायचा आणि गिटार नुसती ऐकायला मिळायची.

वडील कुरकुरायचे, "गानी ऐकून कोन पास झालाय का?" मी बी.ए. झालो तेव्हा तेच वडील पिशवीभर मीठ घेऊन गासला गेले आणि सरांच्या दारात चप्पल काढून उभे राहिले. सरांनी त्यांना हाताला धरून आत खुर्चीवर बसवलं.

सर आणि बाई दोघं मिळून गायचे-वाजवायचे. लग्नात, बारशाला, चर्चच्या धर्मग्रामाच्या सणाला. बाई गायच्या आणि सर त्या रेकॉर्ड्सप्रमाणे फक्त मधल्या जागेत वाजवायचे. बाई गात असताना सरांचा तळवा तारांवर दाबलेला असायचा, एक तार हलू द्यायचे नाहीत. आणि बाईंची शिस्त त्याहून कडक. गिटारच्या शेवटच्या सुराची थरथर पूर्ण बसल्याशिवाय त्या पुढची ओळ उचलायच्या नाहीत. कधी सर जास्त लांबवायचे, तर बाई कमरेवर हात ठेवून थांबायच्या आणि लोक हसायचे. बाईंनी आपल्या घरच्या बोलीत एक गाणंही रचलं होतं, सासरी आलेल्या मुलीला माहेरच्या विहिरीच्या रहाटाचा आवाज आठवतो त्याचं. त्यात प्रत्येक ओळीनंतर तो रहाट सर गिटारवर वाजवायचे. ते गाणं कुठल्या पुस्तकात नाही, इंटरनेटवर नाही. ते बाईंच्या डोक्यात आणि सरांच्या हातात आहे.

सरांच्या हातात होतं, असं आता म्हणायला हवं. त्यांना कंपवात झाला. कांडीच्या गिटारला याहून वाईट आजार नाही. कांडी केसभर हलली तरी सूर घसरतो. गोळी घेतली की काही वेळ हात स्थिर राहतो, मग पुन्हा सुरू होतं, आणि तो बरा वेळ हळूहळू कमी होत चालला आहे. गोळ्यांचं सगळं बाई बघतात.

यंदाच्या सणाच्या कार्यक्रमाला समितीने दोघांना बोलावलं. समितीचा प्रमुख या दोघांचाच विद्यार्थी. सर मला म्हणाले, "पुढच्या वर्षी जमणार नाही. एकदा नीट वाजवतो." एवढंच बोलले, पण मी त्यांना ओळखतो. बाईंनी डॉक्टरांना विचारून त्या संध्याकाळच्या गोळीची वेळ बदलून घेतली. आठवडाभर आधीपासून त्या गोळी देऊन हात किती वेळ चांगला राहतो ते बघत होत्या. मी आता चंदनसारला राहतो, तिथून मीही दोनदा जाऊन बसलो. हात चांगला चालला की बाई स्वयंपाकघरातूनच म्हणायच्या, "आला रहाट!"

कार्यक्रमात आधी भाषणं लांबली. सर पडद्यामागे गिटार मांडीवर घेऊन बसले होते आणि बाई सारख्या घड्याळाकडे बघत होत्या. मी समितीच्या प्रमुखाला सांगायला गेलो तर तो म्हणाला, "दादा, पाच मिनिटं. नगरसेवक बोलतायत, त्यांना मध्येच कसं उठवू?" शेवटी दोघांना स्टेजवर नेलं. मी सरांचा हात बघितला. स्थिर होता. मला खरंच देव पावल्यासारखं वाटलं.

ताल आधीच रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर होता. बाईंनी रहाटाच्या गाण्याची पहिली ओळ म्हटली. आवाज अजूनही कसा खणखणीत! मग मधली जागा आली आणि सरांची कांडी तारांवरून सरकली. सरांची गिटार विजेची, तिचा आवाज स्पीकरमधूनच यायचा; तो आला नाही. नुसता ट्रॅकचा ताल वाजत राहिला. बाई थांबल्या. सरांनी गिटारचं बटण फिरवलं, पुन्हा वाजवलं. काही नाही. मग सरांनी आपल्या हाताकडे बघितलं. ते बघणं माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. त्यांना वाटलं, हातच गेला.

बाई दुसरी ओळ उचलेनात. जन्मभर कधी उचलली नव्हती, आता कशी उचलणार? ताल पुढे निघून गेला. आणि निवेदन करणारा पोरगा माइक घेऊन आला, "आंटी, नो टेन्शन! शब्द विसरलात का? मोबाईलवर काढून देऊ?" लोक हसले. प्रेमाने हसले म्हणतात. "आंटीसाठी जोरदार टाळ्या!"

जिने गाणं रचलं तिला हा मोबाईलवर शब्द काढून देणार होता.

मी तोपर्यंत खुर्च्या ओलांडत साउंडवाल्यापाशी पोचलो होतो. मिक्सरवर सरांच्या गिटारच्या लाइनची, आवाज कमी-जास्त करायची पट्टी अगदी तळाला होती.

"ही बंद का?"

"अंकल, त्या जुन्या गिटारमधून घूं आवाज येत होता. मागे एवढी मोठी स्क्रीन आहे ना, तिची वीज गिटार पकडते. समितीचे साहेब बोलले, बंद ठेव, कोणाला काय कळतंय."

"अरे, मग वाजवायला कशाला बसवलंय त्यांना?"

"फोटोसाठी असेल," तो म्हणाला. उर्मटपणे नाही. त्याला खरंच तसं वाटलं होतं.

मीच हात घालून पट्टी वर केली. त्याच क्षणी सर कांडी गिटारवर ठेवत होते. पोलाद तारांवर टेकल्याचा खणकन आवाज सगळ्या मैदानात घुमला. त्या संध्याकाळी गावाने सरांची गिटार ऐकली ती एवढीच. काही लोकांनी दचकून कान झाकले.

घरी जाताना बाई रिक्षात एवढंच म्हणाल्या, "त्या माइकवाल्या पोराला मी बाराखडी शिकवली. आता मी आंटी."

दुसऱ्या दिवशी कार्यक्रमाचा व्हिडिओ धर्मग्रामाच्या ग्रुपवर आला. बाई कमरेवर हात ठेवून उभ्या आहेत, पोरगा मोबाईल पुढे करतोय, आणि खाली लिहिलंय, 'विसरल्या, पण स्माईल बघा!' ती स्माईल नव्हती. मी बाईंना चाळीस वर्षं ओळखतो, तो राग होता. मी तिथे लिहिलं की लाइन बंद होती. त्याखाली कोणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि पुढे एकाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा सुरू झाल्या.

हे एवढ्यावर थांबलं असतं तर मी गिळलं असतं. पण तो व्हिडिओ कॅनडाला त्यांच्या मुलीपर्यंत गेला. तिचा फोन आला, "मम्मी, तू पप्पांच्या गोळ्या कशा देतेस? तुझ्याच लक्षात राहत नसेल तर? असं एकटं राहणं आता बस." घर बंद करून दोघांना कुठल्यातरी वृद्धाश्रमात ठेवायची ती चौकशी करायला लागली. ती वाईट मुलगी नाही, घाबरलेली आहे. पण ज्या बाईने नवऱ्याच्या हाताचा बरा वेळ मोजून-मापून त्या स्टेजपर्यंत आणला, तिच्यावरच गोळ्या विसरण्याचा संशय! मी बँकेत नोकरीला आहे, तिथे कामावर असतानाही माझ्या डोक्यात तेच चालायचं.

त्याहून कठीण होतं ते सरांचं. मी त्यांना शंभरदा सांगितलं की लाइन बंद होती. ते मान हलवायचे. "तू चांगला मुलगा आहेस," म्हणायचे. मी त्यांची समजूत घालतोय एवढंच त्यांना ऐकू येत होतं, खरं ऐकू येत नव्हतं. गिटार त्यांनी कपाटावर टाकून दिली होती.

म्हणून मी समितीच्या त्या प्रमुखाला रविवारी घरी आणलंच. तो शाल आणि श्रीफळ घेऊन आला. बसला, चहा घेतला आणि म्हणाला, "सर, टेक्निकल इश्यू झाला थोडा. आपण असं करू, आंटींचा आवाज स्टुडिओत रेकॉर्ड करू. गिटारचं काय, ती कॉम्प्युटरवर मिळते, मध्ये मध्ये टाकून देऊ. एकदम ओरिजिनल वाटेल."

सर म्हणाले, "हो, तसंच करा. माझ्याच्याने आता होत नाही."

बाईंनी हातातली बशी आपटली. "होत नाही म्हणे! विचारा या शालवाल्याला. याला विचारा आधी!"

"आंटी, तुम्ही शांत व्हा—"

"बाई म्हण," मी म्हणालो. माझा आवाज शेजारच्या वाडीत गेला असेल. "आणि इश्यू नको सांगूस. काय केलं ते सांग. सरांकडे बघून सांग."

त्याने कप खाली ठेवला. बराच वेळ टाळलं त्याने. स्क्रीन, वायरिंग, साउंडवाला नवीन होता. मी जाऊ दिलं नाही. शेवटी तो म्हणाला, "सर, तुमची लाइन आम्ही बंद ठेवली होती."

"मध्येच बंद झाली?"

"नाही सर. पहिल्यापासून. घूं आवाज येत होता म्हणून. मीच सांगितलं होतं."

 सरांनी गुडघ्यावरच्या आपल्या डाव्या हाताकडे बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे पहिल्या ओळीनंतरचं मी जे वाजवलं, ते वाजलं होतं."

"वाजलंच असणार, सर."

"मला हाताला तसं वाटलं होतं," सर म्हणाले. "रहाट बरोबर आला होता."

आणि तो कोणी ऐकला नाही. बाईंनीही नाही. प्रमुखाने कपाळ पुसलं, "चला, क्लिअर झालं ते बरं झालं," म्हणत शाल सरांच्या खांद्यावर टाकली, एक फोटो काढून घेतला आणि निघाला. ग्रुपवर खुलासा टाक म्हटलं, तर म्हणाला टाकतो. टाकला नाही. फोटो मात्र टाकला.

तो गेल्यावर मुलीचा फोन आला. बाईंनी फोन स्पीकरवर लावून माझ्या हातात दिला, "तू सांग. माझं ती ऐकत नाही." मी सगळं सांगितलं, लाइन, पट्टी, आत्ता समोर बसून त्याने दिलेली कबुली. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ठीक आहे दादा, पण तरी एकदा मेमरी टेस्ट करून घेतलेली बरी ना? माझ्या मनाच्या समाधानासाठी."

 बाईंनी माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"करते," त्या म्हणाल्या. "उद्याच जाते. त्या डॉक्टरसमोर अख्खं गाणं म्हणते, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. आणि तुझ्या पप्पांना बरोबर नेते, गिटारसकट. यांच्या हाताला सूर सापडायला जितका वेळ लागेल तितकी प्रत्येक ओळीनंतर थांबेन. बसू दे डॉक्टरला ऐकत."