दम आहे का?

शहरात कॉम्प्युटर अजून चपला बाहेर काढून बघायची चीज होती, तेव्हा खाणकामगारांच्या छातीची तपासणी त्याच्या हवाली झाली. मी कामगारांची पत्रकं लिहायचो. सोपी मराठी हवी म्हणून इंजिनिअर लोकांनी मला बोलावलं. प्रोग्राम विचारणार, डॉक्टर उत्तर भरणार, आणि प्रोग्राम आपल्या अकलेनं ठरवणार: माणसाला खाली खाणीत उतरवायचं, की वरचं हलकं काम द्यायचं. डॉक्टर आणि प्रोग्राम, दोघांनी मिळून चालवायचं काम, असं ते म्हणत. मिळून? मग डॉक्टरला ‘मला हे पटत नाही’ लिहायला एक ओळ द्या, म्हणून मी भांडलो. मुख्य इंजिनिअर हसले. “पत्रक काढून राहिला का गा इथं? त्याले वाक्य समजत नाही. हो नाही तं नाही, बस.”

मी प्रश्न लिहिला होता, ‘चालताना धाप लागते का?’ रोमन अक्षरांत तो ओळीत मावेना. मला न विचारता त्यांनी कापून केला, ‘दम आहे का?’ त्यांच्या लेखी दम म्हणजे धाप. अरे, आपल्याकडे दम म्हणजे ताकद!

कन्हानचा एक कामगार बायकोला घेऊन आला. मी सोबत होतो. दोन पायऱ्या चढला तरी त्याच्या छातीत शिट्टी वाजायची. आणखी खाली उतरला तर मरेल, हे तिघांनाही माहीत होतं.

पुण्याहून नवीन आलेल्या डॉक्टरांनी पडद्यावरचं वाचलं, “दम आहे का?”

“कायचा दम जी! दम असता तं इथं कायले आलो असतो? नाही रायला.”

डॉक्टरांनी ‘नाही’ दाबलं. निकाल आला: खाली कामास योग्य.

मी ओरडलो. डॉक्टरांनी नळी लावून छाती ऐकली. चेहरा उतरला. “ऐकू येतंय हो मला. पण दाबलेलं मागे घेता येत नाही. लिहू कुठे?”

“कागदावर लिहा!”

“खाणवाले आता कागद घेत नाहीत.”

बायकोनं मला विचारलं, “काहून जी, मशीनले कान नाही का?”

मी पत्रक काढलं. प्रश्न दुरुस्त झाला. इंजिनिअरांनी ‘सुधारणा’ म्हणून पाहुण्यांना तो दाखवलाही. ज्याच्यामुळे सुधारणा झाली त्याला पुन्हा तपासायचं मात्र कोणी मनावर घेतलं नाही. पुढची तपासणी पुढच्या वर्षी, असा नियम. तो रोज खाली उतरत राहिला. शेवटी साथीदारांनीच त्याला उचलून वर आणलं, तेव्हा तपासायला काही उरलं नव्हतं.