पुलाच्या उतारावरचा थांबा

मी धुळ्यात राहते. शाळा जळगावच्या वाटेवरच्या एका गावात. महामार्ग चौपदरी झाला तेव्हा गावाच्या चौफुलीवर उड्डाणपूल आला, खाली दोन्ही बाजूंना सर्व्हिस रोड आला, आणि त्यावर बसथांब्याची छान शेडही उभी राहिली. पण त्या शेडपाशी बस कधी आलीच नाही. खाली मालाचे ट्रक आडवेतिडवे उभे असतात, म्हणून चालक सरळ पुलावरून जातात आणि पलीकडे उतारावर आम्हाला उतरवतात. तिथून लोखंडी कठड्याला खेटून, अंगावर येणाऱ्या गाड्यांकडे बघत, मागे पुलाच्या दिशेने चालायचं. बरंच चालल्यावर कठड्यात एक फट होती. तिथून गावात.

गावच्या बाजाराच्या दिवशी माझ्याबरोबर चाची असायची. धुळ्यातल्या मनियारांच्या घरातली, ज्या दिवशी जिथे बाजार त्या गावी जाऊन बांगड्या भरायची. पेटी डोक्यावर, एक हात पेटीला, दुसरा माझ्या खांद्यावर. "मॅडम, तुम्ही कठड्याकडून चला," म्हणायची. मी नको म्हटलं तरी ऐकायची नाही.

त्या सकाळी आम्ही उतरलो, बस अजून हलली नव्हती. मागून एक पिकअप पूल चढून आली. माथ्यावर येईपर्यंत उतारावर उभी असलेली बस दिसतच नाही. पिकअपवाल्याने बस चुकवायला गाडी डावीकडे घातली, आणि डावीकडे आम्ही होतो. मी कठड्याला चिकटले. चाचीचा पाय गाडी आणि कठड्याच्या मध्ये सापडला. रस्ताभर बांगड्यांचा चुरा झाला.

अँब्युलन्स लवकर आली, पण जळगावकडून, म्हणजे पलीकडच्या रस्त्याने. मधल्या दुभाजकामुळे तिला आमच्याकडे वळता येईना. वळायची जागा पार पुढे. शेवटी चालकाने तिकडेच गाडी थांबवली आणि ओरडून सांगितलं, "इकडे आणा." दोघा ट्रकवाल्यांनी गाड्या अडवल्या, आम्ही चाचीला चादरीत घालून दुभाजकावरून पलीकडे दिलं. ती कण्हत होती आणि मधूनच पेटीचं विचारत होती.

नंतर गावातले आबा आणि मी डेपोत गेलो. साहेब म्हणाले, "खाली गाडी अडकते, रस्ता मोकळा करून द्या." आम्ही रस्त्याच्या ऑफिसात गेलो. तिथल्या साहेबांनी नकाशा उघडून थांबा दाखवला. "हा बघा, दिलाय ना? बस वरून जाते, त्याला आम्ही काय करणार?"

मी म्हटलं, "पण माणसं वर उतरतात, साहेब. रोज."

"तिथं उतरायची परवानगीच नाही."

आबा म्हणाले, "बठ्ठा लोके तठेच उतरतस. परवानगी कोणी मांगी?" साहेबांनी नकाशाची गुंडाळी केली.

काही दिवसांनी काम मात्र झालं. कठड्यातली फट नवा पत्रा ठोकून बंद केली आणि 'येथे उतरू नये' असा फलक लावला. आता उतरलेल्या बायका कठडा ओलांडतात. सहावारीत, पिशवी आधी पलीकडे टाकून. मला तो फलक दिसला की अजून डोकं तापतं.

शेवटी गावकऱ्यांनीच ट्रकवाल्यांशी भांडून खालचा रस्ता सकाळपुरता मोकळा करून घेतला. त्यामुळे आता एक बस खालून येते. बाकीच्या वरूनच. ती एक चुकली, तर मीही कठडा ओलांडते आणि शाळेत हात धुऊन मग खडू घेते.

चाचीचा पाय जुळला, पण आखूड राहिला. साक्रीचा, शिंदखेड्याचा बाजार सुटला. आता ती घराच्या दारातच पेटी मांडून बसते, गल्लीतल्या बायका तिथे येतात. परवा माझ्या हातात हिरव्या भरताना तिने विचारलं, "बस खालून येते म्हणे?"

"सकाळची एकच."

"मग इतरांनी काय करायचं?" ती म्हणाली, आणि माझा हात दाबून पुढची बांगडी चढवू लागली.