तळीतला गाळ

"हिच्या जंतूंनी सगळं विख खाल्लानी," काका तळीच्या काठावरून माझ्याबद्दल कुणाला तरी सांगत होते. "आता गाळ न्यायला हरकत नाही."

खाली गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या कुणीतरी विचारलं, "मग ढेकर तरी दिलानी काय?" सगळे हसले. मी काठावरच्या आंब्याखाली होते. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.

वैशाखात तळी आटली की गावाने मिळून गाळ काढायचा आणि घराघराने तो भाताची रोपं करायच्या जागेत पसरायचा, ही आमच्याकडची रीत. गाळाची पहिली पाटी आमच्या घराच्या मानाची. बाबा मुंबईला, त्यामुळे मान काकांकडे. गेली दोन वर्षं गाळ काढलाच नव्हता, कारण वर कातळावरच्या कारखान्यातून पिवळं पाणी तळीत उतरायचं. यंदा पाणी निवळलेलं दिसत होतं. कारखान्याच्या साहेबांनी मुहूर्ताचा नारळ पाठवला आणि काकांनी तो कौतुकाने घेतला.

पाणी का निवळलं ते मला माहीत होतं. रत्नागिरीच्या कॉलेजात मी याच तळीच्या चिखलातले बॅक्टेरिया वाढवले होते. पाण्यात विरघळलेलं पिवळं क्रोमियम ते दुसऱ्या, कमी विषारी रूपात बदलतात. मग ते पाण्यात राहत नाही, चिखलाला धरून बसतं. बाटलीतला पिवळा रंग उतरताना पाहून मला इतका आनंद झाला, की घरी जेवताना सांगायला गेले. माझं मराठी इंग्रजी शाळेतलं, अडखळणारं. अर्ध्यावरच काका म्हणाले, म्हणजे विष खातात ना? झालं तर. आईने आमटी वाढली. पुढचं कुणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ते अर्धं वाक्य गावभर झालं होतं, बहुधा कारखान्यापर्यंतही.

उरलेलं अर्धं असं होतं. धातू खाऊन संपत नाही. तो गाळातच आहे. शेतात हा गाळ उन्हावाऱ्यात वाळला आणि आपल्या तांबड्या मातीतल्या मँगनीजशी त्याची गाठ पडली, की त्यातला थोडा धातू पुन्हा जुन्या, विषारी रूपात येऊ शकतो. सकाळी घरून निघताना काकांना हे कसंबसं सांगितलं. ते चपला शोधत म्हणाले, "बाय, ते तू परीक्षेत लिही."

माझं बोलणं कुणाला कळत नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आले. सोयीचं होतं तेवढं मात्र बरोबर कळलं होतं.

पहिली पाटी भरली. तिला हळदकुंकू वाहिलं. काकांनी ती डोक्यावर घेतली आणि ते शेताकडे निघाले. वाट आंब्याखालून जाते. मी वाटेतून हलले नाही. ते थांबले. गाळाचं पाणी त्यांच्या कपाळावरून ओघळत होतं. मागचे सगळे जवळ सरकले, मी आता काय चुकते ते ऐकायला.

"काका, जंतूंनी विष खाल्लेलं नाही," मी म्हणाले. "ते तुमच्या डोक्यावर आहे."