भूतपटाचा शेवट आणि मेहुण्याचे लग्न

सगळा भूतपट पाहून शेवट तेवढा न पाहता घरी गेलेला माणूस तुम्ही पाहिला आहे काय? मी आख्खी गल्ली पाहिली आहे.

किस्से रांजणातल्या गाळासारखे असतात. पाणी आहे तोवर दिसत नाहीत. आटले की किती साचले ते कळते. लातूर नुकता जिल्हा झाला होता आणि पाऊस रुसला होता, त्या दिवसांतले हे किस्से.

आमच्या शाळेसमोर माणिकरावांनी व्हिडिओ लायब्ररी काढली. पाटीवर लिहिले, ‘जिल्ह्यातील पहिली’. मी म्हणालो, “माणिकराव, अभिमान आवरा.” ते म्हणाले, “गुरुजी, जिल्हाच नवा. जे उघडावं ते पहिलंच!”

मुलांना भूतपट दाखवू नका, असे बजावण्यासाठी मी तिथे गेलो होतो. त्यांनी ते ऐकले. मोठ्यांचा दुपारचा खेळ मात्र चालू राहिला, आणि माणसे पैसे देऊन का भितात, या कुतूहलाने मी तिथे बसू लागलो.

*

खेळ रंगात यायचा आणि नेमका गल्लीत टँकर यायचा. मग हवेलीत कोण किंचाळते याची कुणाला पर्वा! सगळे घागरी घेऊन पळत. परतून कुणी येत नसे.

एकदा एक जण दारातून ओरडला, “माणिकराव, भूत शेवटी मेलं का हो?”

“भूत आधीच मेलेलं असतंय! जा, घागर भर!”

*

शंकरमामा आणि मामी हदगावचे शेतकरी. गावची विहीर आटली म्हणून लातुरात लेकीकडे राहायला आले होते. मामा तरुणपणी, लग्न होताच, वर्षभर मुंबईला गेले होते. एका जुन्या भूतपटात त्यांनी काम केले होते. चेहरा दिसत नाही. शेवटी हवेलीच्या हौदातून भुताचा हात वर येतो, तो हात मामांचा.

मामींनी हे कधी मानले नाही. “वरीसभर कुठं होते, कुणापाशी होते, देव जाणे,” असे त्या चारचौघांत म्हणत. मामा खाली पाहत.

माणिकरावांकडच्या ढिगाऱ्यात तीच कॅसेट निघाली, तेव्हा मामांच्या डोळ्यांत पाणी आले. मामी पहिल्या रांगेत बसल्या. त्या दिवशी टँकर आला नाही. हवेली आली, वारा सुटला, हौद दिसला. मामा उभे राहिले. “आता बघ!”

पडदा थरथरला आणि हात आला. त्या हातात पळी होती. तो पंगतीत बुंदी वाढत होता.

मामी शांतपणे म्हणाल्या, “हाच का तुमचा हात? बुंदी वाढून राहिला की!”

मामा बाहेर गेले. कुणी हसले नाही.

*

विकतच्या कॅसेटीवर नवे चित्रण होऊ नये म्हणून तिच्या कडेचा तुकडा मोडलेला असतो. माणिकराव त्या खाचेवर चिकटपट्टी लावत. ते लग्नांचे चित्रणही करत, आणि लग्नसराईत कोऱ्या कॅसेटी मिळत नसत; भूतपटाचे शेवट तर कुणी पाहतच नसे. त्यांनी त्या शेवटावर मेहुण्याचे लग्न टिपले होते.

“गुरुजी, शेवट कोन बघतंय, असं वाटलं.”

मी म्हणालो, “देव बघतो. आणि आता मामी.”

*

कॅसेट देणारा हैदराबादचा व्यापारी दुकान मोडून गेला होता. दुसरी प्रत नांदेडला एका दुकानात आहे, असे कळले. माणिकराव, त्यांचा मेहुणा आणि मी एसटीने गेलो. मेहुण्याला पाहताच दुकानदार उठून उभा राहिला.

“अरे, हिरो आले! खुर्ची आणा रे!”

आम्हाला उलगडा होईना. त्याने कॅसेट लावली. हवेली, वारा, हौद, आणि बुंदी! ती प्रत माणिकरावांच्याच कॅसेटवरून उतरवलेली होती.

“शेवट लई गोड हाय,” दुकानदार म्हणाला. “भूत गेलं, घरात लगीन लागलं. बायका रडत्यात!”

मेहुण्याने कॉलर नीट केली. माणिकरावांनी त्याच्याकडे असे पाहिले की त्याने ती पुन्हा सैल केली.

*

परत आल्यावर माणिकरावांनी मामांचे पाय धरले. मी त्यांना उठवले. “पश्चात्ताप देवापुढे करावा. ज्याचे नुकसान केले, त्याला भरपाई द्यावी.”

मामांनी मान डोलावली. “मग तो सीन पुन्हा घ्या.”

लेकीच्या अंगणातला हौद कोरडा ठणठणीत होता, पण पुरुषभर खोल. मामांचा हात काठाला पुरेना. मी माणिकरावांना सांगितले, “उतरा. ओणवे व्हा.” ते ओणवे झाले, मामा त्यांच्या पाठीवर चढले. कॅमेरा मेहुण्याने धरला. मामी समोर पाटावर बसल्या.

काठावर आधी एकच बोट आले. मग दुसरे. सगळा पंजा दगडावरून कोळ्यासारखा सरकला आणि एकदम आवळला. लेक किंचाळली.

मामींनी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, “बाई गं! हे काय आउत हाकून शिकत्यात व्हय?”

हौदातून मामांचे हसू ऐकू आले. त्यांच्याही खालून माणिकराव कण्हले, “मामी, पटलं नव्हं? उतरू द्या की आता!”

“पटलं,” मामी पाट पुढे ओढत म्हणाल्या. “पर अजून भ्या वाटंना. पुन्हा एकदा.”

ऊन कलेपर्यंत मामींना भीती वाटली नाही.